श्वास सोडल्यावरची जागा

सीटी स्कॅनच्या खोलीत काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे दमाने म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. मशीनच्या बोगद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते "दमानं घ्या, दमानं" असं सांगत, आणि एकोणतीस वर्षं तेच सांगितल्यावर लोकांनी त्याचं आडनाव करून टाकलं. नव्यानं लागलेल्या एका नर्सनं तर त्यांच्या रजेच्या अर्जावरचं खरं आडनाव खोडून तिथं 'दमाने' लिहिलं होतं. बिचारीला वाटलं, घाईत चुकलं असेल. दमान्यांनी अर्ज तसाच पुढे पाठवला. रजा मंजूर झाली.

ते या कामात शिरले तेव्हा एक्स-रेच्या फिल्म अंधाऱ्या खोलीत धुतल्या जात. एक मिणमिणता लाल दिवा, तीन टाक्या आणि ओलसर, आंबूस वास. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि ते दुरुस्त करायला कुणाला सवड नव्हती. तेव्हा तरुण दमान्यांनी स्वतःचंच घड्याळ केलं. एका मिनिटाला पंधरा श्वास, फिल्मला लागणाऱ्या चार मिनिटांना साठ. डोळे मिटून टाकीच्या काठावर हात ठेवायचा आणि मोजत राहायचं. विसाव्या-पंचविसाव्या श्वासाला खोली नाहीशी होई, मग टाकी, मग आपण स्वतः. एक श्वास जातोय, एक येतोय, आणि पाण्याखालून कुणाच्या तरी बरगड्या हळूहळू वर येतायत, एवढंच उरे. साठाव्याला डोळे उघडले की पुन्हा सगळं जागच्या जागी.

त्या मोजण्यातून त्यांना एक गोष्ट कळली होती. घेतलेला श्वास दरवेळी वेगळा असतो. कधी मोठा, कधी अर्धवट, कधी नुसता दाखवायला. पण साधा श्वास सोडून झाला की शरीर जिथं येऊन थांबतं ती जागा ठरलेली असते. तिथं काही करावं लागत नाही. माणूस दिवसभर कुठंही भटकून येवो, दर चार सेकंदांनी तो त्या जागी परत येतो.

पुढं सीटी मशीन आलं आणि हे ज्ञान त्यांच्या कामी आलं. श्वासाबरोबर पोटातले अवयव वरखाली सरकतात. किडनी तर दोन-तीन बोटं सहज खाली उतरते. फोटो काढताना तिला स्थिर ठेवायचं म्हणजे माणसाला श्वास थांबवायला सांगायचं. बाकीचे तंत्रज्ञ "खोल श्वास घ्या आणि रोखा" म्हणत. दमाने म्हणत, "सोडा, नेहमीसारखा. दमानं. आणि आता तिथंच थांबा." त्यांचे फोटो आरशासारखे येत. घरी मात्र या कौशल्याचं कौतुक नव्हतं. बायको फोडणी देताना म्हणे, "अहो, ठसका येतोय, देऊ का? की रोखून धरू?"

अकरा महिन्यांपूर्वी नवं मशीन बसलं. ते स्वतःच बोलायचं. आत एका बाईचा गोड, गुळगुळीत आवाज भरलेला होता: "खोल श्वास घ्या. श्वास रोखून धरा. आता श्वास सोडा." बटण दाबलं की झालं. पहिले काही दिवस दमान्यांना घरात नवी सून आल्यासारखं अवघडल्यासारखं झालं, मग हायसं वाटलं. तोंडाला आराम मिळाला आणि मन मोकळं सुटलं. शिशाच्या काचेमागं बसून ते आधीच्या रुग्णांचे फोटो बघत राहत. त्यांना ती चित्रं म्हणजे खूप उंचावरून दिसणारा मुलूख वाटे. फुप्फुसं म्हणजे पानगळ झालेली दोन मोठी झाडं. यकृत म्हणजे एक शांत पठार. आणि किडन्या म्हणजे दोन तळी, एकमेकांकडे तोंड करून, काठाला चरबीचा काळसर किनारा. औषध टोचल्यावर ती तळी आतून उजळत जात आणि दमाने त्यांच्या काठानं फिरत राहत. मशीनमधली बाई बोलत असे. ते ऐकत नसत.

एका दुपारी त्यांना एक साधं काम आलं. एका बाईचे नऊ दिवसांपूर्वीचे फोटो डिस्कवर उतरवून सर्जनकडे पाठवायचे होते. दमान्यांना ती बाई आठवली, कारण तिची बोटं लक्षात राहण्यासारखी होती: टोकं काळवंडलेली, नखं अगदी बारीक कापलेली. ती आणि तिचा धाकटा भाऊ किल्ल्या बनवायचं दुकान चालवत. सहा वर्षांपूर्वी भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिनं आपली एक त्याला दिली होती. उरलेल्या एकीची दरवर्षी तपासणी होई आणि यंदा तिच्यात सुपारीएवढी गाठ निघाली होती.

रिपोर्टात लिहिलं होतं: गाठीत चरबी आढळली नाही, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. गाठ किडनीच्या मधोमध, रक्तवाहिन्या आत शिरतात त्या तोंडाशी होती. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की तेवढीच गाठ काढायचा प्रयत्न करू, पण जमलं नाही तर अख्खी किडनी काढावी लागेल. मग आठवड्यातून तीनदा रक्त धुण्याच्या मशीनला जोडून घ्यायचं, जन्मभर. सुई घालून तुकडा तपासावा तर त्या जागी रक्तस्रावाची भीती. एमआरआयला, म्हणजे चुंबकाच्या मशीनमध्ये पाठवावं तर तेही नाही. किल्ली घासताना उडालेला लोखंडाचा एक कण तिच्या डोळ्यात खोलवर रुतून बसला होता. ऑपरेशन येत्या मंगळवारी होतं.

डिस्क तयार व्हायला पाच मिनिटं होती. दमान्यांनी सवयीनं चित्रं उघडली आणि एका तळ्याच्या काठानं चालू लागले. हे तळं एकटंच होतं, जोडीदाराच्या जागी आतडी पसरलेली. तिची तीन वेळा छायाचित्रं घेतली होती: औषध टोचण्याआधी, टोचल्यावर लगेच, आणि थोड्या वेळानं. ती तिन्ही त्यांनी शेजारी शेजारी लावली आणि चाक फिरवलं. फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं.

कणा जागचा हलत नाही, म्हणून त्याचे मणके पट्टीसारखे वापरता येतात. पहिल्या वेळी किडनीचं खालचं टोक एका मणक्याच्या मध्यावर होतं. दुसऱ्या वेळी त्याच मणक्याच्या तळाशी. तिसऱ्या वेळी ते खालच्या मणक्यावर उतरलं होतं. एकच किडनी, तीन मजल्यांवर. त्या बाईनं प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा श्वास घेतला होता. आणि पहिल्या वेळी, औषधाआधी, गाठीची कड दुहेरी आली होती, फोटो काढताना कुणी मान हलवावी तशी. छाती फुगवून रोखलेला दम अर्ध्यात थोडा निसटला होता.

दमान्यांच्या कानाची पाळी गरम झाली. त्या दिवशी ती आत पडलेली असताना आपण काय करत होतो, हे त्यांना नीट आठवत होतं. आपण एका म्हाताऱ्याच्या फुप्फुसांत हिंडत होतो.

डॉक्टरबाई, म्हणजे हे फोटो वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर, शेजारच्या खोलीत डबा उघडत होत्या.

"मॅडम, एक मिनिट."

"दमाने, तुमच्या एका मिनिटात माझा डबा गार होतो."

"गारच खावा लागेल आज."

त्या उठून आल्या. दमान्यांनी तीन चित्रं दाखवली, मणक्यांवर बोट ठेवून. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. पडद्यावर गाठीभोवती एक छोटं वर्तुळ काढलं की मशीन आतल्या घनतेचा आकडा सांगतं. पाण्याचा आकडा शून्य, मांसाचा त्याच्या वर, आणि चरबीचा शून्याखाली, उणे. किडनीत कधीमधी एक निरुपद्रवी गाठ होते, रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून बनलेली. उणे आकडा नक्की दिसला की तिची ओळख पटते. पण अशा थोड्या गाठींत चरबी इतकी कमी असते की ती कर्करोगासारखीच दिसते. डॉक्टरबाईंनी वर्तुळ काढलं. अधिक चौदा. लहान केलं. उणे तीन. जरा सरकवलं. अधिक बावीस.

"हा काही आकडा नव्हे," त्या म्हणाल्या. "हलल्यामुळं सगळं एकमेकांत मिसळलंय. पाण्याच्या बादलीत तेलाचा थेंब टाकून ढवळलं, तर तो शोधायचा कुठं?"

"पण थेंब असू शकतो."

"असू शकतो. नसूही शकतो. मूळ माहितीवरून जास्त बारीक काप काढता येतील?"

"मशीन चारच दिवस ठेवतं. पुसली गेली. आणि हललेलं ते हललेलंच राहणार."

डॉक्टरबाईंनी वर्तुळ पुसलं. "रोखायला तुम्ही नव्हतं सांगितलं?"

"त्या दिवशी मशीन बोललं. मी गप्प होतो. चूक माझी आहे."

"आणि हे तीन मजले मी बघितले नाहीत. तेव्हा चूक निम्मी निम्मी. फार मोठेपणा घेऊ नका." त्यांनी फोन उचलला. "औषध टोचायचं नाही, त्या एकुलत्या किडनीवर पुन्हा ताण नको. फक्त तेवढ्याच जागेचे, एक मिलिमीटरचे काप. सोमवारी बोलवा. चरबी नाही निघाली तर मंगळवारचं ऑपरेशन आहेच."

रविवारी दमाने जेवणाच्या टेबलाशी एक हात पोटावर ठेवून बसले होते. श्वास सोडत, थांबत, आकडे मोजत. बारापर्यंत जाई, मग आत काहीतरी तडफडू लागे.

"पोट दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही. उद्या एका बाईंना थांबायला शिकवायचंय."

"मला तीस वर्षांत शिकवता नाही आलं ते," ती म्हणाली. पण नवऱ्याचा चेहरा पाहून समोर बसली आणि तिनंही पोटावर हात ठेवला. दोघं बराच वेळ तशीच बसून होती. दुपारचं ऊन टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून जमिनीवर उतरलं. दमान्यांना वाटलं, ही खोली, खिडकीचा पडदा, समोरची ही बाई, सगळंच श्वास सोडून थांबलंय.

सोमवारी सकाळी दोघं भावंडं वेळेआधीच हजर होती. बाकावर त्यांची कुजबुज चालली होती, पण किल्ल्यांच्या दुकानात ग्राइंडरच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळं कुजबुज अख्ख्या बोळकांडीला ऐकू येत होती.

"ताई, मी काल डॉक्टरांना सरळ विचारलं. म्हटलं, माझ्यातली काढून हिला परत बसवा."

"आणि ते काय म्हणाले?"

"हसले."

"मग! तुझी वापरलेली मला नको. सहा वर्षं काय काय चारलं असशील तिला देव जाणे. शेव-चिवड्याच्या पुड्या कुठं दडवतोस ते ठाऊक आहे मला."

"थट्टा नको गं."

"मग काय रडू? रड तू, तुला छान जमतं."

दमान्यांनी एक स्टूल आणून तिच्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसले. "ताई, मागच्या वेळी मोठा श्वास घेतला होतात ना?"

"हो तर! ती बाई म्हणाली खोल घ्या, मी घेतला. दुसऱ्यांदा वाटलं, पहिला कमी पडला म्हणूनच पुन्हा सांगतेय. मग आणखी घेतला. तिसऱ्यांदा तर छातीचा भाता केला." तिनं साशंक नजरेनं पाहिलं. "चुकलं का काही?"

"तुमचं नाही चुकलं. तुम्ही सांगितलेलं केलंत. आज मी सांगणार आहे आणि आज मोठा नको. नेहमीसारखा घ्या. आता सोडा. ढकलू नका, नुसता जाऊ द्या. संपला? तिथंच थांबा."

ती थांबली आणि लगेच फुस्सकन हसली. "कसंसंच होतं हो, दादा. रिकामं रिकामं."

"पुन्हा."

पाच वेळा झालं, दहा वेळा झालं. ती एकदा ढकलायची, एकदा घाईनं आत ओढायची. भाऊही न सांगता शेजारी बसून करत होता आणि त्याला खोकला येत होता. अकराव्या वेळी मात्र ती थांबली ती थांबलीच. नजर समोरच्या भिंतीवर, पण भिंत बघत नसलेली. दमान्यांनी मनात चौदा मोजले.

"आता घ्या."

तिनं सावकाश श्वास घेतला. "कळलं," ती म्हणाली. "कुलपात बारीक बारीक पिना असतात. चुकीची किल्ली घातली की एक वर, एक खाली. बरोबर किल्ली बसली की सगळ्या एका रेषेत येतात आणि हाताला समजतं. आवाजही होत नाही. तसंच आहे हे."

"तिथंच यायचंय. दर वेळी."

"एवढंच ना? आयुष्यभर तेच करतेय."

ती टेबलावर आडवी झाली. दमान्यांनी हात डोक्यावर घ्यायला लावले, गुडघ्यांखाली उशी सरकवली आणि काचेमागं आले. मशीनमधल्या बाईचा आवाज त्यांनी बंद केला. माईकचं बटण दाबताना त्यांना अंधाऱ्या खोलीतल्या टाकीचा ओला काठ बोटांना जाणवला. एकदा नुसतं करून पाहिलं, मग दुसऱ्यांदा. मशीनमधून पोटावर पडलेली प्रकाशाची लाल रेघ दोन्ही वेळा एकाच जागी येऊन थांबली.

"ताई, आता खरं. घ्या, साधा. सोडा... दमानं... आणि तिथंच थांबा."

टेबल सरकलं. पडद्यावर काप एकामागून एक उगवू लागले. एकटं तळं वरून खाली उलगडत गेलं, कड न् कड स्वच्छ, वारा पडल्यावर पाणी असावं तसं. गाठ आली. राखाडी, गुळगुळीत, गोल. काहीच नाही. पुढचा काप, काहीच नाही. आणि मग तिच्या एका कुशीत मोहरीएवढा काळसर ठिपका दिसला. पुढच्या कापात होता. त्याच्या पुढच्यातही होता. किडनीभोवतीच्या चरबीच्या किनाऱ्याचाच रंग, जणू काठावरचा एक खडा तळ्यात पडला होता.

खरं तर आकडा मोजणं डॉक्टरबाईंचं काम. पण दमान्यांचा हात आपोआप गेला आणि त्यांनी ठिपक्यावर वर्तुळ काढलं. उणे सेहेचाळीस. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. मोजणं थांबलं, खोली नाहीशी झाली.

स्पीकरमधून टेबलाच्या कडेवर थाप पडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा.

"घ्या! ताई, श्वास घ्या! घ्या!"

आतून मोठ्ठा श्वास आला, मग धाप, मग आवाज. "अहो दादा! सांगायला विसरलात होय?"

"विसरलो."

"इतक्या वर्षांत कितीदा विसरलात?"

"पहिल्यांदाच."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काहीतरी दिसलंय."

तंत्रज्ञांनी फोटो काढायचे, निदान बोलायचं नाही. अशा वेळचं ठरलेलं उत्तर दमान्यांनी हजारो वेळा दिलं होतं, पण आज आवाजावर भरवसा नव्हता. त्यांनी माईकचं बटण दाबलं. "मॅडम सांगतील. तशाच पडून राहा." आणि बटणावरचं बोट काढलं.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दमान्यांचं वर्तुळ पुसलं आणि स्वतः तीन वेगवेगळ्या कापांत तीन वर्तुळं काढली. उणे चव्वेचाळीस. उणे एकावन्न. उणे अठ्ठेचाळीस. गाठीत कुठं चुन्याचा कण आहे का ते पाहिलं, कारण तो असता तर पुन्हा शंका आली असती. नव्हता. त्यांनी आणखी एकदा सगळं वरून खाली फिरवून पाहिलं, आणि मग सर्जनला फोन लावायचा सोडून सरळ मधलं दार ढकललं आणि आत गेल्या. दमानेही मागोमाग गेले. बाहेरचं दार किलकिलं करून भाऊ उभा होता. त्याला कुणी हाकललं नाही.

"उठू नका, आधी ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठीत चरबी सापडली आहे. ही कर्करोगाची गाठ नाही. क्वचित होते अशी, आपली गुपचूप बसून राहते. मी सर्जनशी बोलते, पण माझ्या मते उद्याचं ऑपरेशन लागणार नाही. दर वर्षी फक्त बघायचं, वाढतेय का. फार वाढली तर तेव्हा विचार करू."

ती छताकडे बघत पडली होती, हात अजून डोक्यावर. "म्हणजे किडनी राहणार?"

"राहणार."

"उद्या दुकान उघडलं तर चालेल?"

"चालेल की."

तिनं हात खाली घेतले आणि पोटाच्या बाजूला ठेवले, आत कुणी झोपलेलं असावं इतक्या हलकेच. दाराकडून हुंदका आला. भाऊ शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता, आणि जितकं पुसत होता तितकं वाहत होतं.

"बघा, सुरू झाला," ती म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "रड रे बाबा, पोटभर रड. पण वर तांब्याभर पाणी पी. माझी आहे ती, सुकवू नकोस."

दमान्यांनी पायाशी असलेलं बटण दाबलं आणि तिला उतरता यावं म्हणून टेबल सावकाश खाली घेतलं.